बंदुकीचं रिकामं खोकं: माळ्यावर ठेवायचं की रद्दीत द्यायचं?

धुळ्यात आमच्या घराजवळ रद्दीचं एक दुकान आहे. दिवाळीच्या साफसफाईत पेपरांचा गठ्ठा घेऊन गेलो, तर वजनकाट्याशेजारी एक लांबट, कडक पुठ्ठ्याचं खोकं उभं होतं. दुकानदार त्यात सुतळीचे तुकडे टाकत होता. खोक्याच्या टोकाला पांढरं स्टिकर जसंच्या तसं चिकटलेलं: कारखान्याचं नाव, 'बारा बोअर' (बोअर म्हणजे नळीच्या तोंडाचं माप), नळीची लांबी आणि खाली बंदुकीचा नंबर, ठसठशीत छापलेला. "हे कुठून आलं?" विचारलं तर म्हणाला, "भाऊ, घराघरातून येतं, कोण ध्यानात ठेवतो?" मी त्याला सांगून ते स्टिकर नखाने खरवडून काढलं आणि तिथेच फाडलं. कुणाच्या घरातली बंदूक ती, मला माहीत नाही. पण तिची सगळी ओळख दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे उघडी पडली होती, हे मनातून जाईना.

सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूरपासून चोपडा, यावल, रावेरपर्यंत, लायसनची बंदूक ही काही नवलाई नाही. रानडुकरं केळीत आणि मक्यात शिरतात, म्हणून पीक संरक्षणासाठी कुणाच्या आजोबांनी घेतलेली बाराबोर आज नातवाच्या नावावर आहे. निवडणूक लागली, आचारसंहिता आली, की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. मग माळ्यावरची खोकी खाली निघतात आणि घरात तोच वाद सुरू होतो. सून म्हणते, ही अडगळ एकदाची काढा. म्हातारी म्हणते, "ऱ्हाऊ दे, कामले ई" (राहू दे, कामाला येईल). दोघींचंही निम्मं बरोबर आहे. ते कसं, हे नीट उलगडून सांगावं म्हणून हा लेख.

खोक्यात असतं तरी काय?

नव्या बंदुकीचं किंवा रिव्हॉल्व्हरचं खोकं म्हणजे तीन गोष्टी. एक, बाहेरचा पुठ्ठा, लाकूड किंवा प्लास्टिक. दोन, आतला थर्माकोल किंवा फोम, वस्तूच्या आकाराचा खड्डा कोरलेला. आणि तीन, कागद: स्टिकर, माहितीपुस्तिका, नळी दाब सोसते याच्या चाचणीचा दाखला, कधी सफाईच्या गजाची पुडी. पहिल्या दोन गोष्टी कारखान्यापासून दुकानापर्यंतच्या प्रवासासाठी असतात. तुमच्या कामाची असते ती तिसरी.

वेष्टनाचं काम किती गंभीर असतं हे खरं तर खानदेशाला वेगळं सांगायला नको. वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसं बनतात, आणि शेजारच्या भुसावळच्या निर्माणीत दारूगोळा भरायची पत्र्याची खोकी आणि पिंपं बनत आली आहेत. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा वरणगाव एका कंपनीकडे गेलं आणि भुसावळ दुसरीकडे. आत भरायचा माल एका ठिकाणी आणि तो सुखरूप पोचवणारं खोकं दुसऱ्या ठिकाणी, अशी ही विभागणी आपल्या डोळ्यांसमोरची आहे. मुद्दा एवढाच, की ते सगळं वेष्टन 'पोचवण्यासाठी' असतं. वर्षानुवर्षं घरात 'ठेवण्यासाठी' लागणारी वस्तू वेगळी.

कायद्याने खोकं ठेवावंच लागतं का?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. रिकामा पुठ्ठा शस्त्राच्या व्याख्येत बसत नाही. तो ठेवायला लायसन लागत नाही आणि टाकायला परवानगीही लागत नाही. ठाण्यात बंदूक जमा करताना बघतात ते लायसन आणि बंदुकीवरचा नंबर. खोकं कुठे आहे, हे कोणी विचारत नाही.

पण खोकं खरोखर रिकामं आहे का, हे पाहणं फार महत्त्वाचं. याच कायद्यात 'बंदूक' या शब्दात बंदुकीचे भागही धरले आहेत आणि 'दारूगोळा' या शब्दात काडतुसाचे भागही. म्हणजे फोमखाली विसरलेलं जादा मॅगझिन (काडतुसं भरायची डबी) किंवा एखादी सुटी पिन ही कायद्याच्या नजरेत अडगळ नव्हे. जिवंत काडतूस तर नाहीच नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. शिरपूरकडे माझ्या काकांच्या घरी माळ्यावरचं खोकं मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी खाली उतरवलं. थर्माकोलचा वरचा थर उचलला, तर खालच्या खाचेत दोन काडतुसं. एकाचं पितळ हिरवट पडलेलं, दुसऱ्याचा कागद फुगलेला. काकांना आठवेना ती कधीची. आधी बोललो होतो, की हे खोकं नातवंडांना खेळणी ठेवायला देऊन टाकू. काका बराच वेळ ती दोन काडतुसं तळहातावर घेऊन नुसते बसले होते.

विमानतळावर बॅगेत काडतूस सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यातली बरीच प्रकरणं अशीच असतात. कधीतरी बंदुकीसोबत नेलेली बॅग, कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूस, आणि मग गुन्हा दाखल. 'ताबा' म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, वस्तू आपल्याकडे आहे हे माणसाला ठाऊक असायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात सांगितलं आहे. त्या आधारावर माणसं सुटतातही. पण सुटेपर्यंत कोर्टाच्या खेपा चुकत नाहीत. त्यापेक्षा खोकं उलटं करून झटकायला दोन मिनिटं लागतात.

बंदूक त्याच खोक्यात ठेवली तर काय बिघडतं?

बरेच जण हेच करतात. कंपनीने दिलेलं खोकं आहे, म्हणजे सगळ्यात सुरक्षित जागा तीच असणार, असा सरळ हिशोब. खरं तर बंदुकीचं सर्वाधिक नुकसान याच समजुतीने होतं.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांचा संसार. तिघांतला एक काढला तर तो मोडतो. हवा काढता येत नाही, म्हणून पाणी दूर ठेवायचं. बंदुकीच्या नळीवरचा निळसर-काळा मुलामाही मुळात लोखंडाच्या ऑक्साइडचाच पातळ थर असतो, फक्त कारखान्यात शिस्तीत चढवलेला. तो तेल धरून ठेवतो, पण एकट्याच्या बळावर गंज थोपवत नाही.

आता फोम पाहा. फोम म्हणजे हजारो बारीक भोकं. पावसाळ्यात हवेतला दमटपणा तो स्पंजासारखा धरतो आणि थेट पोलादाला चिकटवून ठेवतो, वर झाकण बंद. शेतातून आलेला विळा ओल्या फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवला तर आठ दिवसांनी काय दिसेल, हे खेड्यातल्या कुणालाही विचारा. फोमच्या खोक्यातली बंदूक म्हणजे तोच गुंडाळलेला विळा. कातड्याच्या कव्हरचंही तसंच. कातडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ल त्यात उरलेले असतात ते वेगळेच.

आपल्याकडे म्हणतील, खानदेश तर कोरडा, इथे कसली ओल? मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशी ओलांडतो हे खरं. पण श्रावणात धाब्याच्या घरात भिंतीला हात लावून पाहा. उन्हाळ्यात लाकडी दस्ता सुकून आक्रसतो आणि पावसाळ्यात ओल धरून फुगतो. माळ्यावर हा ताण सगळ्यात जास्त, कारण तो पत्र्याच्या किंवा धाब्याच्या अगदी खाली. घरातली सर्वांत तापणारी आणि सर्वांत आधी गळणारी जागा निवडून आपण तिथे खोकं सरकवतो.

काकांच्या बंदुकीची नळी बाहेर काढली तेव्हा वरून ती लखलखीत होती. उलटी केली, तर थर्माकोलच्या कडेला जिथे ती टेकली होती, तिथे सरळ रेषेत तांबूस पट्टा. पुढे बोटांचे चार ठसे, गंजाचे. कुणीतरी शेवटचं हाताळून न पुसता ठेवलं होतं. घामातलं मीठ तिथेच बसून काम करत राहिलं.

खोक्यात येणारी सिलिका जेलची छोटी पुडी काही आठवडे ओल शोषते. एकदा भरली, की तिच्यात नुसते खडे. तेलकट किंवा मेणचट कागद येतो, त्यातले काही कागद गंजरोधक वाफ सोडणारे असतात. तेही बंद वेष्टनात, ठरावीक काळापुरते. दहा वर्षांपूर्वीचा कागद अजून राखण करतोय, असं समजू नये.

मग ठेवायची कुठे? कुलपाच्या पोलादी कपाटात, भिंतीपासून थोडी लांब, नळीवर तेलाचा पातळ हात फिरवून, उभी किंवा खुंट्यांवर, कशात न गुंडाळता. काडतुसं वेगळी, वेगळ्या कुलपात. लायसन घेताना शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आपण लिहून दिलेली असते, ती याचीच. पुठ्ठ्याच्या खोक्याला कुलूप नसतं. दर पावसाळ्यात महिन्याला एकदा पुसून पुन्हा तेल. कढईला आणि विळ्याला आपण जेवढं जपतो, तेवढंच.

"आमच्या गावात सगळ्यांना माहीतच आहे"

हा आक्षेप मला हमखास ऐकायला मिळतो. पाटलांच्या वाड्यात बंदूक आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग स्टिकर रद्दीत गेलं तर काय आकाश कोसळतं?

गावाला ठाऊक आहे ते एवढंच, की बंदूक आहे. स्टिकर सांगतं ती कोणती, किती बोअरची, कुठल्या कारखान्याची, आणि तिचा नंबर. शिवाय रद्दी गावात राहत नाही. हातगाडीवरून दुकानात आणि दुकानातून शहरातल्या गोदामात, किती हातांतून जाते याचा पत्ता नाही. आधार कार्डाची झेरॉक्स आपण रद्दीत टाकतो का? गावाला आपलं नाव ठाऊक असतंच, तरीही नाही टाकत.

दुसरी गोष्ट आपल्या शेतकऱ्यांना चांगली कळेल. बोगस बियाण्यांचा धंदा कशावर चालतो? चांगल्या कंपनीच्या पाकिटावर. पाकीट अस्सल दिसलं, की आतल्या मालाची कुणी पारख करत नाही. म्हणून जाणता शेतकरी पेरणी झाली, की पाकीट आणि टॅग पावतीसोबत जपून ठेवतो. उगवण झाली नाही तर तक्रारीला तेच लागतं. बांधावर फेकून देत नाही.

बंदुकीच्या खोक्याला हाच न्याय लावून पाहा. सातपुड्यात, मध्य प्रदेशाच्या हद्दीवर उमर्टीचं नाव गावठी कट्ट्यांमुळे पुन्हा पुन्हा बातम्यांत येतं. गावठी कट्ट्याला ना नंबर, ना चाचणीचा शिक्का, ना खोकं. नळी किती दाब सोसेल हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही, तो चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकतो. असा माल 'कंपनीचा' म्हणून खपवायचा असेल, तर अस्सल खोकं आणि अस्सल स्टिकर ही आयती मिळालेली इभ्रत आहे. आपल्या घरातून ती कुणाला मिळू नये.

आणि चोराच्या बाजूनेही विचार करा. २०१४ मध्ये कानपूरच्या निर्माणीने 'निर्भीक' नावाचं महिलांसाठीचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, वजन साधारण अर्धा किलो. ते गर्द मरून रंगाच्या, दागिन्यांसारख्या डबीत दिलं जात होतं. दिसायला सुंदर. पण कपाटात अशी डबी दिसली, की चोर ती सोनं समजून आधी उचलणार, आणि लहान मूल कुतूहलाने आधी उघडणार.

एक गोष्ट इथे स्पष्ट करून टाकतो, कारण गल्लत होते. खोक्यावरचा नंबर खोडला, फाडला, तरी काही हरकत नाही. बंदुकीवर कोरलेला नंबर किंवा खूण घासणं, बदलणं मात्र शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ खाली गुन्हा आहे. आणि नंबर घासलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच तो घासला असं कायदा धरून चालतो. नसेल तर ते त्याला सिद्ध करावं लागतं. गंज काढण्याच्या नादात सँडपेपरने नंबरावरून हात फिरवू नका.

"विकताना खोक्यासकट जास्त किंमत येते ना?"

जुन्या इंग्रजी बंदुकांची ओक लाकडाची, कातडी मढवलेली पेटी, आतल्या झाकणावर बनवणाऱ्याचं लेबल, अशी वस्तू घरात असेल तर ती अजिबात टाकू नका. तिला स्वतःचं मोल आहे. पण बंदूक तिच्यातही पावसाळाभर ठेवू नका.

साध्या पुठ्ठ्याच्या खोक्याचं तसं नाही. आपल्याकडे बंदूक कुणालाही विकता येत नाही. घेणाऱ्याकडे लायसन हवं. खासगी विक्री करायची तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. इतक्या मोजक्या गिऱ्हाइकांच्या बाजारात माणूस नळी बघतो, दस्ता बघतो, कागद बघतो. गंजाचा तांबूस पट्टा जेवढी किंमत उतरवतो, तेवढी कुठलंच खोकं चढवत नाही.

शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि लायसनची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. तेव्हा अनेक घरांतली तिसरी बंदूक गेली, खोकं मात्र माळ्यावर राहिलं. बंदूकच नाही, तर त्या खोक्याला घरात काहीच काम उरलेलं नाही. ते आधी निकालात काढा.

एअर गनवाल्यांसाठी वेगळं. ठरावीक ताकदीपर्यंतच्या एअर रायफलला लायसन लागत नाही, आणि ती दुरुस्तीला कंपनीकडे पाठवावी लागू शकते. वॉरंटी संपेपर्यंत तिचं खोकं ठेवलं तर त्यात शहाणपण आहे.

कागदांचं मोल वारसाच्या वेळी कळतं

लायसनधारक वारला, की बंदूक घरात तशीच ठेवता येत नाही. वारसाने विनाविलंब ती ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची असते, आणि मग आपल्या नावाच्या लायसनसाठी अर्ज करायचा. २०१६ च्या नियमांनी हयातीतही सोय केली आहे: धारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तर वारसाला अर्ज करता येतो.

अशा वेळी घरात दुःख असतं, मुलं पुण्या-मुंबईला असतात, आणि वडिलांनी काय कुठे ठेवलं ते कुणालाच ठाऊक नसतं. मूळ बिल, जुन्या नूतनीकरणाच्या नोंदी, ठाण्यात जमा केल्याच्या पावत्या, चाचणीचा दाखला एका जागी सापडला, तर हेलपाटे वाचतात. चोरीचंही तेच. बंदूक चोरीला गेली तर लगेच ठाण्यात कळवावं लागतं, आणि नंबर, कारखाना, खुणा सांगाव्या लागतात. लायसनचं पुस्तक बंदुकीच्याच कपाटात असेल आणि तेही गेलं असेल, तर आठवणीतून काय सांगणार?

म्हणून स्टिकर कापून घ्यायचं, वहीत चिकटवायचं, शेजारी बिलाची झेरॉक्स आणि बंदुकीचे दोन फोटो. वही बंदुकीच्या कपाटात नाही, दागिन्यांच्या किंवा सातबाऱ्याच्या कागदांसोबत. घरातल्या एका तरी माणसाला ती कुठे आहे ते ठाऊक असू द्या. म्हातारी "कामले ई" म्हणत होती, ते या वहीपुरतं अगदी खरं आहे.

काडतुसांचं पाकीट मात्र संपेपर्यंत ठेवा

इथे उलटा नियम. काडतुसाच्या पाकिटावर बोअर, छऱ्यांचा प्रकार (एलजी, एसजी, बीबी वगैरे) आणि बॅच छापलेली असते. ती सुटी करून डब्यात ओतली, की जुनी-नवी एकत्र होतात. घरात बारा आणि वीस बोअर दोन्ही असतील तर धोका जिवाचा. वीस बोअरचं काडतूस बाराच्या काडतुसापेक्षा बारीक असतं, म्हणून ते बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकतं. बंदूक रिकामी वाटते, माणूस मागून बाराचं काडतूस भरतो, घोडा ओढतो आणि नळी हातात फुटते. पाकिटातली काडतुसं पाकिटातच राहू द्या. जुनी, फुगलेली, हिरवी पडलेली असतील तर ती ना मारून बघायची, ना कचऱ्यात टाकायची, ना विहिरीत. ठाण्यात किंवा दुकानदाराकडे नेऊन विचारायचं.

टाकायचं तर असं टाका

खोकं उलटं करून झटका, फोमचा प्रत्येक थर उचलून पाहा, खाचांतून बोट फिरवा. स्टिकर काढा, पुठ्ठ्यावर नंबर छापलेला किंवा पेनाने लिहिलेला असेल तर तो भाग कापा. बंदुकीचं चित्र असलेली बाजू फाडा. पुठ्ठ्याचे तुकडे करून मगच रद्दीत द्या. फोम आणि थर्माकोल बंबात घालू नका. त्याचा धूर विषारी असतो आणि न्हाणीघर किती कोंदट असतं ते आपल्याला ठाऊक आहे. प्लास्टिकची कडीवाली पेटी असेल तर ती ठाण्यापर्यंत बंदूक न्यायला-आणायला जरूर ठेवा. उघड्या हाताने एसटीत बंदूक नेण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

काकांकडे आम्ही त्या दिवशी हे सगळं केलं. तांबूस पट्टा तेलात भिजवलेल्या मऊ फडक्याने हळूहळू पुसला. बराच गेला, पण बोटांच्या ठशांपैकी दोन राहिलेच, ते आता पोलादात उतरलेत. दोन्ही काडतुसं काकांनी लायसनसकट ठाण्यात नेऊन दाखवली आणि तिथेच जमा करून पावती घेतली. पुठ्ठा काकूने पावसाळाभर चूल पेटवायला वापरला. स्टिकर माझ्या चुलतभावाच्या वहीत आहे. पहिल्या पानावर काकांनी स्वतःच्या अक्षरात नंबर पुन्हा लिहिला आहे, कारण स्टिकरवरची शाई फिकी होत चालली होती.